रंधा

आबिलियो वहीत रेघ मारतो, पेन्सिल कानामागे खोचतो,
पुन्हा काढतो.
वीज अठ्ठेचाळीस युरो.
तेल्माच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून एकतीस.
माझा सार्डिनच्या कारखान्यातला पगार शुक्रवारी,
त्याचं पेन्शन मात्र
बंदरावरच्या क्रेनने मोडलेल्या पाठीच्या
गोळ्यांतच विरघळतं.
तरी बेरीज जुळते. ओढूनताणून, पण जुळते.
जे जुळत नाही त्याला रकाना नाही,
म्हणून आम्ही वहीकडेच बघत बसतो.

रात्रीचे दोन. तिच्या दाराखाली उजेडाची पट्टी.

मार्चमध्ये आली लिस्बनहून,
दोन पेट्या, एक कुंडी.
‘थोडे दिवस,’ म्हणाली.
आता सेतुबालच्या बाजारात अंजीरं आलीत.

कारखान्यात बायका विचारतात,
मी सांगते, घरूनच काम करते हल्ली.
डब्यात मासे रचताना डोकं-शेपटी, डोकं-शेपटी,
हात खोटं बोलत नाहीत, ते बरं.

‘बरी आहेस ना?’
‘बरी आहे.’
रोज एवढीच देवाणघेवाण.
व्याज फिटतं, मुद्दल तसंच.

माझ्या आईने पाच वाढवली.
रडलं की पाव द्यायची, त्यावर तेल, चिमूटभर मीठ.
मलाही तेवढंच येतं :
भूक कळते, ताप कळतो, बूट कुठे चावतो ते कळतं.
सव्वीस वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली
तर तिला काय वाढायचं,
हे कुणी शिकवलंच नाही.

एकदा अंधारात आबिलियो म्हणाला,
‘उद्या मी नसलो, तर हिला…’
मी म्हटलं, झोप आता.
मला वाटलं हप्त्यांबद्दल बोलतोय.
आता वाटतं, नसेल.

मग शनिवारी, न सांगता न सवरता,
त्याने तिचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं.
ती पलंगावर, त्याच्याच जुन्या स्वेटरमध्ये.
‘बाबा, काय चाललंय?’
‘घासतंय. नदीच्या दमटाने फुगलंय.’
एवढंच.
दोन खुर्च्यांवर दार आडवं, बाल्कनीत.
रंधा मारताना पाठीत कळ आली, तो थांबला.
मी उठणार, एवढ्यात
ती आली. वेगवेगळ्या रंगांचे मोजे.
दुसरं टोक धरलं.
‘डावीकडे अजून आहे थोडं.’
इतकं लांब वाक्य मी जूननंतर ऐकलं नव्हतं.

छिलपे उडत होते, तिच्या केसांत, शेजारणीच्या वाळत्या चादरीवर.
आणि मी त्या बिनदाराच्या खोलीत गेले, झाडायचं निमित्त करून.
भिंतीवर कागद. तिचं बारीक, सरळ अक्षर :
मार्च. जेवण. वीज. पाणी.
एप्रिल. दाताचा डॉक्टर, आईने दिले.
मे. संत्री, सोललेली, एक बशी.
समोर आकडे. खाली
एकूण देणं.

म्हणजे ही पण दोन वाजता बेरीजच करते.
भिंतीच्या अलीकडे आमची वही, पलीकडे तिची,
आणि तिघांनाही वाटतं आपणच बुडवलं घर.

मी केरसुणी टेकवली, पेन्सिल घेतली,
संत्र्यांची ओळ खोडली.
बाकीच्या राहू दिल्या. तो तिचा मान आहे,
त्याला मी हात लावणारी कोण?

संध्याकाळी दार बसलं.
आबिलियो दहादा उघड-मीट करून दाखवतो,
‘बघ, आवाजच नाही!’
खरंच नाही.
मग जेवताना दोघंही गप्प झालो :
त्या करकरीवरूनच तर कळायचं
ती उठली, बाहेर आली, परत गेली.

आज रात्री अंथरुणात आम्ही कान लावून.
दोन वाजले. काही नाही.
अडीच.
मग फ्रिज उघडल्याचा उजेड भिंतीवर आला,
बशीवर चमचा वाजला.
आबिलियोने माझं मनगट दाबलं.
आम्ही हललो नाही,
झाडावरचा पक्षी उडेल अशा भीतीने
ऐकत राहिलो,
दुसरा घास, तिसरा.